‘नाही मिळाले तरी चालेल’ असे म्हटल्यावर मुलगी का चिडते?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. तुमची मुलगी सतरा वर्षांची आहे, दहावीला तिला 96 टक्के गुण होते आणि सध्या ती लातूरला वसतिगृहात राहून बारावीचा व ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा अभ्यास करते आहे. सराव परीक्षांतील तिचे गुण गेले तीन महिने 720 पैकी 450 ते 480 यांच्या दरम्यान अडकले आहेत. रविवारच्या टेस्टच्या आदल्या रात्री ती रडते, तिचे डोके दुखते, झोप चार-पाच तासांवर आली आहे आणि चित्रांची वही तिने दिवाळीनंतर घरीच ठेवली आहे. तुम्ही दोघांनी तिच्यावर कधी दबाव टाकला नाही. उलट ‘एमबीबीएस नाही मिळाले तरी चालेल’ असे तुम्ही म्हणालात, तेव्हा ‘तुमचा माझ्यावर विश्वासच नाही’ असे म्हणून तिने फोन ठेवून दिला. तिला घरी आणावे का, आणि यंदा जमले नाही तर एक वर्ष ड्रॉप घेऊ द्यावा का, म्हणजे कुठे प्रवेश न घेता पुन्हा तयारी करू द्यावी का, हे तुमचे दोन प्रश्न आहेत.

दोन्ही प्रश्नांची उत्तरे देते, पण माझ्या मते खरी अडचण तिने ठेवून दिलेल्या त्या फोनमध्ये आहे. तुमच्या घरातून दबाव नाही, हे मी मान्य करते. अकरावी-बारावीच्या मुलांबरोबर अनेक वर्षे काम करताना मला दिसले आहे की आईवडिलांचा धाक असलेली मुले जितकी येतात, तितकीच अशीही येतात ज्यांच्या घरी कोणी काही बोललेले नसते आणि तरी ती स्वतःला क्षणभर मोकळे सोडत नाहीत. या दुसऱ्या प्रकारच्या मुलांना ‘आमची काही अपेक्षा नाही’ असे सांगून हलके वाटत नाही, कारण अपेक्षा त्यांची स्वतःची असते. तुम्ही तुमची अपेक्षा मागे घेतलीत. तिला मात्र असे ऐकू आले की आता आईबाबांनीही माझी आशा सोडली.

पुढचे लिहिण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी तुमच्या मुलीला भेटलेले नाही, आणि पुढचा सगळा सल्ला ती सुरक्षित आहे या गृहीतकावर उभा आहे. म्हणून आधी ते पडताळून घ्या. सलग दोन आठवडे तिचे मन कशातच लागत नसेल, जेवण जवळपास सुटले असेल, आवडत्या वस्तू ती मैत्रिणींना देऊन टाकत असेल, ‘माझा तुम्हाला नुसता खर्च’ किंवा ‘मी नसते तर बरे झाले असते’ अशा अर्थाचे काही बोलली असेल, तर अभ्यास, टेस्ट आणि रँक हे सर्व विषय बाजूला ठेवून त्याच दिवशी तिच्याजवळ जा आणि तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. जीव देण्याचे विचार मनात येतात का, हे तिला सरळ आणि शांतपणे विचारा. विचारल्याने तो विचार मनात रुजतो ही समजूत चुकीची आहे. विचारल्यामुळे बहुतेक मुलांना बोलायला वाट मिळते. तुम्ही पोहोचेपर्यंत वसतिगृहात तिला एकटे राहू देऊ नका. टेली-मानस या शासकीय सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. तो तिच्या आणि तुमच्या, दोघांच्याही फोनमध्ये आजच साठवून ठेवा.

असे काही नसेल, तरीही समुपदेशनाच्या आधी दोन साध्या तपासण्या करून घ्या. मी स्वतः अशा प्रत्येक मुलीला रक्ताची आणि डोळ्यांची तपासणी करून यायला सांगते. या वयाच्या मुलींमध्ये रक्तक्षय फार आढळतो, आणि मेसचे जेवण अर्धवट टाकून चहावर दिवस काढणाऱ्या मुलीत तो वाढतो. हिमोग्लोबिन, बी-12 आणि थायरॉइड एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. पाळी अनियमित झाली आहे का, हे तिच्या आईने विचारावे. थकवा, विसरभोळेपणा आणि चिडचिड यांतला काही भाग शरीराचा असेल, तर तो कितीही समजावले तरी जाणार नाही, आणि ती मात्र तो स्वतःचा नाकर्तेपणा समजत राहील.

आता तुमच्या ‘नाही मिळाले तरी चालेल’ या वाक्याकडे येते. दहावीपर्यंत तुमची मुलगी बहुधा वर्गात पहिली किंवा दुसरी असणार. बोर्डाच्या परीक्षेत गुण मिळवण्यासाठी कोणाला मागे टाकावे लागत नाही. चांगला अभ्यास केलेल्या शंभरच्या शंभर मुलांना नव्वदच्या वर गुण मिळू शकतात. ‘नीट’मध्ये मात्र गुणांपेक्षा क्रमांक महत्त्वाचा असतो. 2025 मध्ये देशभरातून सुमारे 22 लाख विद्यार्थी या परीक्षेला बसले, त्यांपैकी 12 लाखांहून अधिक ‘पात्र’ ठरले आणि एमबीबीएसच्या जागा शासकीय व खाजगी मिळून सव्वा लाखाच्या घरात होत्या. म्हणजे पात्र ठरलेल्यांपैकीही बहुसंख्य मुलांना ही जागा मिळणे शक्यच नव्हते. लातूरच्या चांगल्या बॅचमध्ये बसलेली जवळजवळ प्रत्येक मुलगी आपापल्या गावात पहिली आलेली असते. त्यामुळे कालपर्यंत पहिली असणारी मुलगी आज, तेवढाच किंवा अधिक अभ्यास करून, बॅचमध्ये चाळिसावी येते. फुटपट्टी बदलली आहे हे तिला कोणी सांगितलेले नसते. तिला वाटते की आपणच खुजे झालो.

अशा वेळी ‘नाही मिळाले तरी चालेल’ हे वाक्य, बोलणाऱ्याचा हेतू कितीही मायेचा असला, तरी तिच्या भीतीवर शिक्कामोर्तब करते. त्याऐवजी काय म्हणावे, हे तुमच्या भाषेत तुम्हीच ठरवा. पण आशय साधारण असा असावा: ‘तुला डॉक्टर व्हायचे आहे हे आम्हाला ठाऊक आहे आणि ते आम्हालाही आवडते. तुझे गुण कुठे जातात हे शोधायला आम्ही मदत करू. पण तू पाच तास झोपतेस हे आम्हाला मान्य नाही, आणि त्याबाबत आम्ही आग्रह धरणार.’ यात तिचे ध्येय तिच्याकडे राहते आणि आईवडील म्हणून तुम्ही ज्यावर अधिकाराने बोलू शकता त्या गोष्टीवर, म्हणजे तिच्या प्रकृतीवर, बोलता. महत्त्वाकांक्षी मुलांना काळजी हवी असते. कीव त्यांना सहन होत नाही.

फोनवरचे पहिले वाक्यही बदला. माझ्याकडे येणारा एक मुलगा, तपशील बदलून सांगते, रविवारी संध्याकाळी फोन बंद करून ठेवत असे. त्याचे वडील अतिशय शांत गृहस्थ होते आणि ते फक्त एवढेच विचारत, ‘पेपर कसा गेला?’ मुलगा मला म्हणाला, ‘कमी मार्कांचे काही नाही, पण मार्क सांगितल्यावर बाबा जेवढा वेळ गप्प बसतात तेवढा वेळ मला सहन होत नाही.’ आम्ही एवढाच बदल केला की रविवारी घरचा फोन टेस्टबद्दल नसेल, आणि गुणांविषयी बोलायचेच असेल तर ते बुधवारी, मुलाने स्वतः विषय काढला तर. पहिल्या महिन्यात गुण वाढले नाहीत. मात्र तो रविवारी जेवू लागला.

आणखी एक विषय बहुतेक घरांत कोणी काढत नाही, तो म्हणजे पैसा. क्लासची फी, वसतिगृह, मेस आणि पुस्तके यांचा हिशोब मुले मनात करत असतात, आणि तुम्ही जितके कमी बोलाल तितका तो आकडा त्यांच्या मनात मोठा होतो. कर्ज काढले असेल तर किती, ते कसे फिटणार आहे आणि ते फेडणे ही तुमची जबाबदारी आहे, तिच्या गुणांची नाही, हे एकदा सविस्तर सांगा. ‘तू पैशांचा विचार करू नकोस’ एवढे म्हणून हा विचार थांबत नाही.

गुण अडकल्याबद्दल तुम्ही ओझरते लिहिले आहे, पण मला त्यावर थोडे थांबायचे आहे, कारण या मुलीच्या बाबतीत ताण आणि गुण एकमेकांना खाली खेचत असावेत. पेपरमध्ये 180 प्रश्न असतात, बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीला एक गुण वजा होतो. सगळे प्रश्न सोडवून 132 बरोबर आणि 48 चूक असतील, तर गुण 480 होतात. आता या 48 चुकांचे प्रकार पाडायला सांगा: जे मुळात येतच नव्हते, जे येत होते पण आकडेमोडीत किंवा पर्याय निवडताना घसरले, जिथे ‘अयोग्य विधान’ विचारले असताना योग्य विधान निवडले, आणि जे शेवटच्या वीस मिनिटांत घाईने उरकले. येत असूनही चुकलेला प्रत्येक प्रश्न सुधारला तर पाच गुणांचा फरक पडतो, कारण चार मिळतात आणि एक वजा व्हायचा वाचतो. असे पंधरा प्रश्न निघाले तर 480चे 555 होतात, आणि त्यासाठी एकही नवा धडा वाचावा लागत नाही. माझा अनुभव असा आहे की कमी झोपणाऱ्या मुलांमध्ये नेमक्या याच चुका जास्त असतात. तेरा ते अठरा वयात आठ ते दहा तासांची झोप लागते आणि दिवसभर वाचलेले पक्के होण्याचे काम बऱ्याच अंशी झोपेतच होते. आठ तास लगेच जमणार नाहीत हे मला कळते. म्हणून मी आधी साडेसहा आणि दोन आठवड्यांनी सात तासांचा आग्रह धरते. रात्री एक ते तीन या वेळात केलेला अभ्यास सकाळी किती आठवतो, हे तिने एक आठवडा स्वतःच तपासून पाहावे. ती हुशार आहे. माझ्या सांगण्यापेक्षा स्वतःच्या नोंदीवर ती अधिक विश्वास ठेवेल.

चुकांची ही छाननी टेस्टच्या रात्री करू नये. त्या रात्री मन फक्त स्वतःला दोष देत असते. ती दुसऱ्या दिवशी, शक्यतो विषयशिक्षकांसमवेत करावी.

वरच्या वर्गातील मुलींच्या गुणांशी होणारी तुलनाही थांबवा. तुम्ही लिहिले आहे की शेजारच्या मुलीला 2024 मध्ये 620 होते आणि तरी तिला शासकीय महाविद्यालय मिळाले नाही, म्हणून 480 ऐकून तुमचे धैर्य खचते. वर्षावर्षांचे गुण असे जोडता येत नाहीत. 2024 मध्ये प्रथम क्रमांकाचे गुण 720 होते; 2025 मध्ये, पेपर आणि विशेषतः भौतिकशास्त्र कठीण गेल्यामुळे, देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला 686 गुण होते. खुल्या गटातील पात्रतेचा किमान गुणही 162 वरून 144 वर आला आणि महाविद्यालयांचे कट-ऑफ पुष्कळ घसरले. म्हणून सराव परीक्षेत गुणांऐवजी, तोच पेपर दिलेल्या मुलांमध्ये तिचे स्थान हळूहळू कोणत्या दिशेने सरकते आहे, एवढेच महिन्यातून एकदा पाहावे.

रँकची यादी पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर त्याच संध्याकाळी येते, असेही तुम्ही लिहिले आहे. त्या गटातून बाहेर पडा किंवा तो न वाचता ठेवा, आणि संस्थेच्या व्यवस्थापकांना शांतपणे भेटून तिचे नाव जाहीर यादीत न टाकण्याची विनंती करा. विशाखापट्टणम येथे ‘नीट’ची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्था, कोचिंग केंद्रे आणि वसतिगृहे यांच्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. गुणांवरून बॅचेस वेगळ्या करू नयेत, मुलांना सर्वांसमक्ष कमी लेखू नये, आणि शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे प्रशिक्षित समुपदेशक असावा, असे त्यांत म्हटले आहे. तुमची विनंती अवाजवी नाही, हे तुम्हाला ठाऊक असावे म्हणून हे सांगितले. समुपदेशक असेल तर त्यांची वेळही घ्या.

घरी आणावे का, याचे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे. खोलीतल्या मुलींशी तिचे पटते का, तिथे विश्वासाने बोलावे असे एखादे माणूस आहे का, आणि घरी आल्यावर तिला अभ्यासाला जागा व शांतता मिळेल का, हे मला माहीत नाही. काही आया अशा वेळी लातूरला खोली घेऊन राहतात. त्याने काही मुली सावरतात, आणि काहींच्या मनावर ‘माझ्यासाठी आईने घर सोडले’ हे आणखी एक ओझे चढते. म्हणून तो निर्णय मुलीला विचारल्याशिवाय घेऊ नका. तुमच्या पत्रावरून मी एवढे सुचवीन की आधी तिला चार-पाच दिवसांसाठी घरी आणा, एक टेस्ट बुडू द्या, तपासण्या करून घ्या, तिला झोपू द्या, आणि पाचव्या दिवशी तिथे परत जायचे की घरून तयारी करायची हे तिलाच ठरवू द्या. बोर्डाची प्रात्यक्षिके जवळ आलेली असताना कायमचा बदल एका रात्रीत करणे मला योग्य वाटत नाही. अपवाद फक्त सुरक्षिततेचा; तिथे शंका असेल तर एकही दिवस थांबू नका.

ड्रॉपचा निर्णय आज घेऊ नका आणि निकालानंतरच्या पहिल्या पंधरा दिवसांतही घेऊ नका. मात्र त्या निर्णयाची तयारी आजपासून करता येते, आणि ती तुमची कामगिरी आहे. अधिवास प्रमाणपत्र, लागू असेल तर जातवैधता, नॉन-क्रीमीलेअर किंवा आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र, यांसाठी कार्यालयाच्या खेपा आताच घाला. राज्याच्या 85 टक्के कोट्यातील प्रवेशात कागद वेळेवर नसल्याने होणारी धावपळ मुलांना निकालाइतकीच खचवते. त्याचबरोबर एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) गटाचा अर्ज भरा. औषधनिर्माणशास्त्र आणि कृषी यांचे मार्ग तिथून उघडतात. दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी आणि पशुवैद्यक यांचे प्रवेश ‘नीट’वरच होतात, त्यामुळे त्यांसाठी वेगळी प्रवेश परीक्षा नाही. हे करताना ‘दुसरा पर्याय’ म्हणून तिच्यापुढे भाषण करू नका. ‘फॉर्म आणि कागद आम्ही पाहतो, तू फक्त सही कर’ एवढे पुरे. ज्या मुलांच्या हातात दुसरा प्रवेश खरोखर असतो, ती मुले मुख्य परीक्षेला जास्त मोकळ्या मनाने बसतात, असे मी वारंवार पाहिले आहे. बारावीकडे दुर्लक्ष होणार नाही एवढे पाहा, कारण भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून खुल्या गटाला 50 टक्के व राखीव गटाला 40 टक्के नसतील तर ‘नीट’चे गुण उपयोगी पडत नाहीत.

निकालानंतर ड्रॉपचा विचार करायचा झाला, तर मी तीन गोष्टी पाहते. चुका कोणत्या प्रकारच्या होत्या: अभ्यासक्रम अपुरा राहिला असेल तर आणखी एक वर्ष उपयोगी पडते, पण सगळे तीनदा वाचूनही गुण तिथेच असतील तर तेच वर्ष पुन्हा जगून फारसे काही बदलत नाही. दुसरे, त्या वर्षात झोप, खेळ आणि एखादा मित्र किंवा मैत्रीण यांना जागा आहे का. तिसरे, तिला स्वतःला बसायचे आहे, की घरी परत येण्याची लाज वाटते म्हणून ती बसते आहे. ‘नीट’ किती वेळा द्यावी यावर मर्यादा नाही, आणि मला त्यातच धोका दिसतो. म्हणून किती वेळा बसायचे हे आधीच ठरवून लिहून ठेवावे. पहिला ड्रॉप अनेक मुलांना साधतो. दुसऱ्या ड्रॉपला मी सहसा अनुकूल नसते. एखाद्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेऊन पुन्हा परीक्षा देण्याचा मार्गही काही जण निवडतात. त्यात जागा सोडतानाचे नियम आणि दंड माहितीपुस्तिकेत आधी वाचून घ्या.

डॉक्टरांकडे जाण्याबद्दल तुम्ही शेवटी जी शंका लिहिली आहे, तिचे उत्तर देते. चिंतेवरील औषधांनी बुद्धी मंद होते किंवा त्यांची कायमची सवय लागते, ही भीती सरसकट खरी नाही. काही गोळ्यांनी सुरुवातीला झोप येते आणि काही गोळ्या दीर्घकाळ घेऊ नयेत, म्हणूनच त्या दुकानातून परस्पर न घेता मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली घ्याव्यात. शिवाय प्रत्येक मुलीला औषध लागतेच असेही नाही, पुष्कळ जणींना बोलण्याने आणि झोप सुधारल्याने बरे वाटते. उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिला आहे, तेव्हा ‘नोंद झाली तर पुढे अडचण होईल’ या भीतीने थांबू नका. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात ही तपासणी माफक खर्चात होते. जाताना तिची झोपेची आठवड्याची नोंद आणि रक्ताचे अहवाल बरोबर न्या, आणि बोर्डाच्या व ‘नीट’च्या तारखा पहिल्याच भेटीत सांगा, म्हणजे औषध द्यायचे ठरले तर ते परीक्षेच्या पुरेसे आधी सुरू करून तिला मानवते की नाही हे पाहता येईल.